सहा महिन्यांचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. तुमच्यासमोर यायची मला लाज वाटते. पण जे घडले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाही, म्हणून सांगतो.

माझी मूठ लाकडाची आहे. तिच्या एका बाजूला चाकूने पाडलेली खाच आहे. माझ्या तळाला रबर आहे आणि त्यावर एक ओळ कोरलेली आहे. अक्षरे उलटी असल्यामुळे आपण काय बोलतो हे कित्येक दिवस मला स्वतःलाच कळत नव्हते. कागदावरून मला वर उचलत, तेवढ्या क्षणात माझी ओळ मला सुलटी दिसे. असे एकेक अक्षर गोळा करत मी ती वाचायला शिकलो. ती ओळ अशी आहे : ‘हा दर सहा महिने कायम राहील.’

मला करून घेतले ते आबांनी. बांधकामावर सळया वाकवता वाकवता आबा स्वतः ठेकेदार झाले. गोदामांची छपरे, लोखंडी जिने, शेड अशी कामे ते घेऊ लागले. काम मिळवायचे तर आधी दरपत्रक द्यावे लागते. म्हणजे एवढे काम एवढ्या पैशांत करून देतो, असे लिहून द्यायचे. अशी दरपत्रके तीन-चार ठेकेदार देतात आणि गिऱ्हाईक त्यांतले एक निवडते. आबांच्या पहिल्याच गिऱ्हाइकाने त्यांना विचारले, “आणि काम अर्ध्यावर आल्यावर भाव वाढला म्हणून हात वर केलेत तर?”

“सहा महिने एक पैसा वाढणार नाही,” आबा म्हणाले.

“तोंडाने सगळेच म्हणतात हो.”

ते आबांच्या मनाला लागले. आबा पस्तिशी उलटल्यावर लिहाय-वाचायला शिकले होते. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून, तिच्याच पुस्तकावरून. त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीचे त्यांना फार अप्रूप होते. ते तडक शिक्केवाल्याकडे गेले.

“एवढी लांबलचक ओळ?” शिक्केवाला म्हणाला. “लोक नाव टाकतात, पत्ता टाकतात. शब्द कशाला टाकताय?”

“नाव काय, कुणाचंही असतं,” आबा म्हणाले. “तुम्ही कोरा.”

असा माझा जन्म झाला. आबांकडे एक गोल शिक्का आधीपासून होता, त्यावर त्यांच्या धंद्याचे नाव होते. न बघता हाताला फरक कळावा म्हणून आबांनी माझ्या मुठीवर खाच पाडली. दरपत्रक तयार झाले की आधी गोल शिक्का ठक, मग मी ठक. गोल शिक्का म्हणजे कोण बोलतो ते, आणि मी म्हणजे काय बोलतो ते. म्हणून मी स्वतःला त्याच्यापेक्षा मोठा समजू लागलो.

ती वर्षे चांगली होती, मित्रांनो. लोखंडाचा भाव हलला तरी गोगलगायीसारखा हले. तुळई मागितली की आठवड्यात ट्रक दारात. एक गोदामवाले माझ्यावर बोट ठेवून म्हणाले होते, “हा शिक्का बघितला की मला शांत झोप लागते.” आबांनी ते घरी जाऊन तीनदा सांगितले म्हणे. मी तर ते अजून विसरलेलो नाही.

मग आबांचे गुडघे दुखू लागले आणि धंदा त्यांच्या मुलीने हाती घेतला. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. आबा रोज येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. दुसऱ्या टेबलावर कारकूनकाका. आबांच्या दुसऱ्या कामापासून ते तिथेच होते. दरपत्रके तेच टाइप करत आणि खणाची किल्ली त्यांच्याच कमरेला असे. चार वाजता ते आपला चहा घेऊन आबांच्या टेबलाशी येत आणि दोघे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत.

त्याच सुमारास लोखंडाचा भाव उधळला. सकाळी एक, दुपारी दुसरा. ताई व्यापाऱ्याला फोन करी, तर तो विचारी, “ताई, सकाळचा भाव सांगू की आत्ताचा?”

“आत्ताचा सांगा.”

“मग थांबा, विचारून सांगतो.”

मालही वेळेवर मिळेना. कारखाना म्हणे, तुळया अठरा आठवड्यांनी मिळतील, आणि दर माल निघेल त्या दिवशीचा लागेल. एके सकाळी ताईने मला हातात घेतले आणि आबांसमोर धरले.

“आबा, आज आपण दर द्यायचा. गिऱ्हाईक महिन्याने हो म्हणणार. माल पाच महिन्यांनी येणार. मधे वाढलेला भाव कुणी भरायचा?”

“शब्द म्हणजे शब्द,” आबा म्हणाले.

“शब्दावर कुणी लोखंड देत नाही, आबा.”

मी खणात गेलो. त्या दिवसापासून दरपत्रकाच्या तळाशी कारकूनकाका एक ओळ टाइप करू लागले : लोखंडाचा दर सात दिवसच लागू, त्यानंतर बाजारभाव. खणाच्या फटीतून मला फक्त गोल शिक्क्याचा ठक ऐकू येई. एकच ठक. दोन वर्षे मी तो ऐकत पडून होतो. माझे रबर कडक झाले आणि मन त्याहून कडक झाले. ही सात दिवसांची ओळ म्हणजे भित्र्या माणसांची भाषा, असे मी स्वतःला सांगत राहिलो. ताई त्या एका ओळीने किती जणांचे पगार सांभाळत होती, हे मला खणात कळत नव्हते.

मग शाळेचे काम निघाले. जुन्या सभागृहाचे छप्पर मोडकळीला आले होते. नवे सत्र सुरू व्हायच्या आत लोखंडी तुळयांवर नवे छप्पर हवे होते. दरपत्रके दुपारी तीनपर्यंत शाळेत पोचवायची होती. ताईने रात्रंदिवस हिशेब केला होता. त्या सकाळी ती पत्र्याचा भाव पक्का करायला व्यापाऱ्याकडे गेली. तिथून तिने आकडा कळवला, कारकूनकाकांनी तो टाइप केला, सही केलेला कागद तर ती आधीच देऊन गेली होती.

“आबा, तेवढा गोल शिक्का मारून पाकीट बंद करा, मी रिक्षा बघतो,” असे म्हणून कारकूनकाकांनी खण उघडून दिला आणि ते खाली गेले.

आबांनी गोल शिक्का मारला. ठक. तो जागेवर ठेवला. मग त्यांचा हात पुन्हा खणात आला आणि अंगठा माझ्या खाचेवर टेकला.

मित्रांनो, सवयीने हात आला असे मी म्हणू शकलो असतो. पण हात थांबला होता. आबांनी मला उचलून डोळ्यांसमोर धरले. शाई न लावता, रबरावर वाळलेली जुनी शाई ओलावेल एवढी नुसती तोंडाची वाफ दिली, आणि सात दिवसांच्या त्या ओळीच्या बरोबर खाली मला दाबले. अंधुक, पण वाचता येईल असा मी उमटलो. आबा कागदाकडे बघत हळूच म्हणाले, “आता शोभतं.”

आणि मला आनंद झाला. माझी पहिली लाज ती हीच. मी काय बोलतो आहे आणि त्याने काय होणार आहे हे कळत असूनही मला आनंद झाला.

तेवढ्यात खालून हाक आली. आबांनी घाईने पाकीट चिकटवले आणि मला कोटाच्या खिशात टाकले. तिथून मी परत खणात गेलोच नाही.

काम मिळाले. ताई इतक्या मोठ्याने हसली की दचकून कारकूनकाकांचा चष्मा घसरला. पण शाळेच्या समितीने सही करायला पाच आठवडे लावले. तोवर लोखंड जवळजवळ सव्वापट झाले होते आणि कारखान्याचे अठरा आठवडे आता बावीस झाले होते. ताईने शाळेला पत्र लिहिले : सात दिवस उलटले आहेत, तेव्हा नवा दर लावावा लागेल. उत्तर म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी आमच्याच दरपत्रकाची प्रत पाठवली. माझ्याभोवती लाल पेनने गोल केला होता. खाली लिहिले होते, ‘या शब्दावर विसंबून आम्ही बाकीच्यांना नकार कळवला.’

ताईने प्रत टेबलावर ठेवली. “काका, हा शिक्का कुणी मारला?”

“मी नाही, ताई. मी तर त्याला दोन वर्षांत हातही लावलेला नाही.”

“खण उघडा.”

खणात मी नव्हतो. कारकूनकाका पुन्हा पुन्हा आत हात घालून बघत राहिले. कागद बाहेर काढले, पॅड बाहेर काढले, गोल शिक्का बाहेर काढला. “इथेच होता,” ते म्हणाले. “इथेच असतो.”

“किल्ली तुमच्याकडे असते, काका.” ताईचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

आबा खिडकीजवळ बसले होते. हात कोटाच्या खिशात होता. अंगठा माझ्या खाचेवर होता आणि घामाने ओला झाला होता. मी वाट बघत होतो. आता बोलतील, आता बोलतील. आबा बोलले नाहीत.

असे तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी चार वाजता कारकूनकाका चहा घेऊन आबांच्या टेबलाशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताई त्यांचा प्रत्येक कागद दोनदा वाचू लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला डबा, छत्री आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली आणि किल्ली ताईपुढे ठेवली. “उद्यापासून येत नाही. सत्तावीस वर्षं झाली. चोर म्हणून जायचं नव्हतं, पण असो.”

तेव्हा आबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. त्यांनी मला खिशातून काढले आणि किल्लीशेजारी ठेवले.

“मी मारला,” ते म्हणाले.

ताईने विचारले, “चुकून?”

“नाही. मला बरं वाटलं म्हणून.”

“आणि तीन दिवस, आबा? काका तीन दिवस खाली मान घालून बसलेत समोर!”

आबांनी कारकूनकाकांकडे बघायचा प्रयत्न केला. जमले नाही. “तुझ्यासमोर लहान व्हायची भीती वाटली,” ते ताईला म्हणाले, “म्हणून त्याला लहान होऊ दिलं.”

कारकूनकाकांनी मला उचलले, उलटे करून पाहिले. “निदान शाई तरी लावायची होती,” ते म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांनी पिशवीतली उशी काढून परत खुर्चीवर ठेवली. किल्ली मात्र टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी आबा आणि ताई शाळेत गेले. या वेळी ताईने मलाही बरोबर घेतले. मोठ्या बाई म्हणाल्या, “हे बघा, मला तुमचं नुकसान करायचं नाही. पण मुलांना मी छप्पर कबूल केलंय आणि माझ्याकडे दुसरे पैसे नाहीत.”

“पैसे मागायला आलो नाही,” आबा म्हणाले. “शब्द माझा आहे. छप्पर त्याच दरात होईल.”

“आणि माल? तो तर सत्र सुरू झाल्यावर येईल म्हणतात.”

आबांनी ताईकडे पाहिले. आमच्या शेडमागे ताडपत्रीखाली चौदा तुळया पडून होत्या. भाव उधळण्याआधी आबांनी त्या एकेक करून जमवल्या होत्या. ताईच्या घरावर मजला चढवायचा होता, तिच्या दोन्ही मुलांना एकेक खोली व्हावी म्हणून. ताई खिडकीबाहेरच्या त्या मोडक्या छपराकडे बघत राहिली.

“माल आहे,” ती म्हणाली.

इंजिनिअरला दाखवून, जोड देऊन त्या तुळया सभागृहावर चढल्या. कमी पडल्या तेवढ्या ताईने त्या दिवशीच्या भावाने घेतल्या. सत्र वेळेवर सुरू झाले. उद्घाटनाला मोठ्या बाईंनी आबांना पहिल्या रांगेत जागा ठेवली होती. आबा गेले नाहीत. ताईची मुले अजून एकाच खोलीत भांडत अभ्यास करतात.

आता मी खणात नसतो. कारकूनकाकांच्या टेबलावर, अक्षरे वर करून पडलेला असतो. दरपत्रक निघाले की कारकूनकाका ते आबांपुढे ठेवतात आणि म्हणतात, “वाचा.” आबा ओळीखाली बोट धरून, पहिलीच्या मुलासारखे मोठ्याने वाचतात. सात दिवसांची ओळ आली की थोडे थांबतात. मग गोल शिक्का मारतात. ठक.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना, अभिमानाचा शब्द पडून असेल. त्याला फेकू नका. पण वापरण्याआधी आजच्या उजेडात एकदा मोठ्याने वाचून बघा, त्याची किंमत कोणाला भरावी लागेल ते विचारा. आणि चूक झालीच तर ती पहिल्याच दिवशी खिशातून बाहेर काढा. लोखंडाचा तोटा ताईने दोन वर्षांत भरून काढला. ते तीन दिवस मात्र कोणालाच भरून काढता आलेले नाहीत.

चार वाजता चहा येतो. एक कप खिडकीजवळच्या टेबलावर जातो, एक माझ्या शेजारी ठेवला जातो. आबा रोज त्या दुसऱ्या कपाकडे बघतात. मी मधे पडलेला असतो, उलट्या अक्षरांनी, आणि मला त्या दोघांकडेही बघवत नाही.