तारा निघाल्या त्या आठवड्यात

अडीच वर्षं बारकीच्या तोंडात तारा होत्या आणि अडीच वर्षं तिच्या गालांची आतून चाळण झाली होती. बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलीने दातांना तारा लावणं म्हणजे मुठीत काचा धरून टाळ्या वाजवणं, असं ताईच म्हणायची. आणि तारा लावायचा हट्टही ताईचाच. तिचे स्वतःचे पुढचे दोन दात एकोणिसाव्या वर्षी रिंगमध्ये गेले होते. एक फरशीवर सापडला, दुसरा तिने रक्ताबरोबर गिळला. आई-वडील गेल्यापासून बारकीला तिनेच वाढवलेलं. "तुझी बत्तिशी माझ्या ताब्यात," ती म्हणायची, आणि ते थट्टेत नसायचं.

सोमवारी तारा निघाल्या. बारकी जिभेने दात चाटत राहिली. गुळगुळीत, परके, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"एवढ्यात खूश होऊ नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तारा निघाल्या, पण दात अजून मुरलेले नाहीत. भोवतीचं हाड मऊ आहे. सोडले तर जुन्या जागी पळतील." त्यांनी दात जागेवर धरून ठेवणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, रिटेनर, तिच्या दातांवर बसवला. "जेवताना आणि दात घासताना काढायचा. बाकी दिवसरात्र तोंडात. गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवायचा. गरम पाणी लागलं की वाकडा झालाच म्हणून समज. आणि काढला की डबीत. कागदात गुंडाळून खिशात नाही."

"आणि शनिवारची मॅच?" बारकीने विचारलं.

"जुना माउथगार्ड तारांच्या मापाचा आहे. आता तो तोंडात खुळखुळेल. नव्याचं माप घेतलंय, दहा दिवसांत येईल. तोवर तोंडावर एक फटकासुद्धा नको."

"शनिवार विसर," बरोबर आलेली ताई म्हणाली. विषय संपला.

बारकीचा मात्र संपला नव्हता. जिच्याशी शनिवारी लढत होती, तिने मागच्या खेपेला हिला दुसऱ्याच फेरीत आडवं केलं होतं. वर उठायला हात देताना ती कानात म्हणाली होती, "घरी जा, बाळ." तेव्हापासून बारकी वाळूच्या पिशवीवर तिचाच चेहरा बघून ठोसे मारत होती. दोन वेळा बोटांची सालं निघाली तरी थांबली नव्हती.

बुधवारी ती मास्तरांकडे गेली, शनिवारी लढणारच म्हणून सांगायला. मास्तर म्हणजे हॉलचे मालक, साठीचे, मोडून बसलेल्या कानांचे. दोघी बहिणी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या; ताई तर आता संध्याकाळी लहान मुलींना तिथेच शिकवायची.

"ताई तर सोमवारीच नको म्हणाली होती. आता काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं.

"हो म्हणाली. नवा गार्ड आलाय." बारकीची जीभ अडखळली नाही. घरी मात्र तिने ताईला सांगितलं, की उद्या नुसत्या दोरीवरच्या उड्या मारणार आहे.

मास्तरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. शनिवारसाठी त्यांच्याकडे दुसरी तयार मुलगी नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी, ताई यायच्या आधीच, सरावाला समोर हातोडी उभी राहिली; हॉलमधल्या सगळ्या तिला याच नावाने हाक मारत. ती दिवसा पोती उचलायची. वजनाने बारकीपेक्षा सात किलो जास्त, मनाने मेणाहून मऊ. पण हात चालायला लागले की ते तिचेही ऐकत नसत. बारकीने रिटेनर काढला, डबी घरी राहिली होती म्हणून कागदी रुमालात गुंडाळून खिशात कोंबला, आणि जुना गार्ड दातांवर चढवला. तो दातांवर बसेचना. पावलाच्या दुप्पट मापाचा बूट घातल्यासारखा तोंडात हलत होता. जबडा आवळला तर जेमतेम थांबत होता.

पहिली फेरी तिची होती. तिने हातोडीच्या बरगड्यांत तीन ठोसे घातले, चौथा नाकावर. हातोडीचं नाक वाहायला लागलं. बारकीला तो लाल रंग बघून बरं वाटलं, फार बरं. दुसऱ्या फेरीत तिने शत्रू मिळाल्यासारखं तिला दोरांवर दाबलं आणि मारत सुटली. पोटात, खांद्यावर, पुन्हा पोटात. श्वास घ्यायला तिने तोंड उघडलं. गार्ड सटकून जिभेवर आला. तेवढ्यात हातोडीचा उजवा हात खालून वर आला.

आवाज दगडावर कप फुटावा तसा झाला. बारकी गुडघ्यांवर आली. तोंडात कोमट, खारट काहीतरी भरलं. गार्ड फरशीवर पडला होता आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तिचा दात, मुळासकट. दाताचं मूळ इतकं लांब असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"अगं आई गं," हातोडी रडायलाच लागली. "मी मुद्दाम नाही केलं, मी मुद्दाम..."

ताई त्याच वेळी दारातून आत आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यातली ड्यूटी आटपून ती थेट इकडेच यायची. बारकीही तिथेच सकाळच्या पाळीला होती. ताईने पिशवी टाकली, दोरांखालून आत शिरली आणि खाली वाकली. दात मुळाला हात न लावता वरच्या टोकाने उचलला. नळाखाली जेमतेम धरला, घासला नाही. मग बारकीचं डोकं काखेत पक्कं दाबून तिने ओठ वर केला.

"हलू नकोस."

आणि दात खळग्यात परत घुसवला. अंगठ्याने, जोर लावून, पार आतपर्यंत. बारकीच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिने ताईच्या मांडीत नखं रुतवली. ताईने तिच्या तोंडात रुमालाची घडी कोंबली. "चाव. सोडलीस तर बघ."

मग ती उठून मास्तरांकडे वळली.

"तोंडावर फटका नको, असं ठरलं होतं."

"अगं, तूच हो म्हणालीस ना! ही पोर तर..."

पुढचं मास्तरांना बोलताच आलं नाही. ताईचा डावा हात त्यांच्या पोटात गेला आणि ते वाकले तसा उजवा नाकावर. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. मास्तरही जुने खेळाडू. त्यांनी आंधळेपणाने एक हाणला, तो ताईच्या कानशिलात बसला. ती झोकांडली, पण मागे हटली नाही. तिने त्यांची गळपट्टी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. भिंतीवरचा आरसा खाली येऊन फुटला. मास्तर नाक धरून ओरडत होते, "विचार तिला! तिलाच विचार!"

ताईने वळून पाहिलं. "खरं का गं?"

बारकीच्या तोंडात बोळा होता, पण मान काही कुणी बांधली नव्हती. एकदा खाली-वर केली असती तरी पुरलं असतं. तिने डोळे मिटून घेतले.

तिसरा ठोसा बसल्याचा आवाज तिने तसाच, डोळे मिटून ऐकला. मग हातोडी आणि आणखी दोघींनी मिळून ताईला ओढून बाजूला केलं.

त्याच रात्री डॉक्टरीणबाईंनी दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. जगेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. मुळावर उपचार तर लागणारच, त्या म्हणाल्या. मग त्यांनी रिटेनर मागितला. बारकीने खिशातून कागदाचा गोळा काढला. आत रिटेनरचे दोन तुकडे होते. पडताना तीच त्याच्यावर आपटली होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तुकडे कचऱ्यात टाकले आणि हात धुतले. बारकीला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी बारकीला रजा होती, तरी ती धुलाईखान्यात गेली. ताईचा कान सुजून निळा झाला होता. दोघींनी एक मोठी चादर दोन टोकांना धरली, झटकली, दुमडली. घडी घालायला ताई जवळ आली आणि तिने बारकीच्या हातातली टोकं घेतली.

"मास्तर खोटं बोलत नव्हते," बारकी सुजल्या ओठांतून म्हणाली. "तू हो म्हणालीस असं मी सांगितलं होतं."

ताईने चादरीची घडी पूर्ण केली. गठ्ठ्यावर ठेवली. मग तिने बारकीच्या पाठीत असा धपाटा घातला, की ती टेबलावर पालथी पडली. वाफेच्या मशीनजवळच्या बायका थांबून बघायला लागल्या.

"हा खोटं बोलल्याचा नाही," ताई म्हणाली. "मी विचारलं तेव्हा तू डोळे मिटलेस, त्याचा आहे. नाक फुटलेल्या माझ्या गुरूवर मला आणखी एक हाणायला लावलंस."

संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर दोघी हॉलवर गेल्या. मास्तर नाकावर पट्टी लावून फुटक्या आरशाच्या काचा झाडत होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ताई त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी राहिली.

"माझं चुकलं. मारा. मी हात वर करणार नाही."

मास्तरांनी झाडू टेकवून ठेवला. त्यांची मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली.

"गार्ड हलत होता," ते शेवटी म्हणाले. "पहिल्याच फेरीत मला दिसलं होतं. थांबवायला हवं होतं मी. शनिवार डोळ्यांपुढे होता." नाकातून बोलल्यामुळे शब्द विचित्र येत होते. "बारकीने खुशाल यावं, डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा. तू नको येऊस. पोरींनी बघितलंय सगळं. त्यांच्यासमोर तुला आता काय म्हणून उभी करू?"

"बरं," ताई म्हणाली.

तिने खिळ्यावरचे आपले जुने ग्लोव्हज काढून घेतले. पायरीवर लहान मुली वर्गासाठी येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक तिच्याकडे बघून पटकन सरकली, वाट द्यावी तशी, घाबरून.

बारकी रस्त्यावर तिच्या मागे मागे चालत राहिली. "ताई, मी पण नाही जाणार परत."

"जाशील," ताई वळून न बघता म्हणाली. "रडत जाशील, पण जाशील. आता गप्प राहा, तोंडाला वारा लागतोय."