पहिला धोंडा

तामितने वाकून आणखी एक धोंडा उचलला आणि वाटेच्या कुंपणापलीकडे लोटून दिला. पाठीवरच्या झोळीत बाळ झोपलं होतं. ती वाकली की त्याचं डोकं तिच्या मानेवर टेकायचं, सरळ झाली की मागे जायचं. धोंडे दूर केल्यावर उरले ते बोराएवढे गोल खडे. ते तिने पायाने कडेकडेला पसरून ठेवले, चटकन हाताला येतील असे.

वाट मढ्यांच्या मांडवापासून निघून कालव्यापर्यंत जात होती. मांडवात प्रेतं धुवायची, आतून रिकामी करायची, क्षारात पुरून वाळवायची आणि मग कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळायची. पण त्याआधी कुणाला तरी डाव्या कुशीवर पहिली चीर द्यावी लागे. चिरेवाचून आतडी निघत नाहीत, आतडी निघाल्यावाचून देह टिकत नाही, आणि देह टिकला नाही तर मरून पश्चिमेला गेलेल्या माणसाला परतायला घर राहत नाही. तरीही मेलेल्याच्या अंगावर सुरी चालवणं हे पाप ते पापच. म्हणून चीर देणारा चीर देताक्षणी सुरी टाकून पळत सुटायचा आणि ज्यांनी त्याला बोलावलेलं असायचं तेच लोक शिव्याशाप देत त्याच्यावर दगड फेकायचे. त्याचं रक्त जमिनीला लागलं की फिटलं. मग हात खाली, आणि सगळे आंघोळ करून बिअर प्यायला मोकळे.

हा चीर देणारा म्हणजे तामितचा नवरा, इनारो. त्याच्या बापाने हेच केलं, आज्यानेही हेच.

लग्न झाल्यापासून तामित ही वाट वेचत आली होती. मांडवात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणीच ते कधी पाहिलेलं नव्हतं. बोराएवढे खडे इनारोच्या पाठीवर तडतडायचे आणि शेवटी मांडवाचा मुकादम, म्हातारा अंखाप, गारगोटीची एखादी कपची अशी बेताने मारायचा की पोटरीला नखाएवढं खरचटावं. शिव्या मात्र भरघोस असायच्या. तुझ्या पोटात बेडूक विवोत, तुझ्या थडग्यावर गाढवं मुतोत. घरी आल्यावर इनारो त्यातल्या निवडक तिला म्हणून दाखवायचा आणि जेवता जेवता दोघं हसायची.

आज तसलं काही होणार नव्हतं. आत दगडी ओट्यावर तिचा भाऊ होता, जेहो.

देवाच्या सणात देवळाच्या दारात लाठ्यांची झुंज होते. एक टोळी देवाची पालखी आत नेऊ पाहते, दुसरी अडवते. डोकी फुटतात, दात पडतात, पण सणात कुणी मरत नाही. पुजारी तसं सांगतात आणि सगळे तसंच मानतात. जेहोसुद्धा देवळाच्या दारात मेला नाही. तो आपल्या पायांनी घरी आला, कानातून येणारं रक्त बाहीने पुसत हसला, भाकरी मागितली आणि भाकरी यायच्या आत आडवा झाला तो उठलाच नाही. लाठी कुणाची होती हे अर्ध्या गावाने पाहिलं होतं. पण देवासमोरचा घाव देवाचा असतो. त्यासाठी कुणाचं नाव घेता येत नाही, कुणाच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही.

कुंपणाच्या टोकाशी गाढवाच्या खुरांचा आवाज आला. तामितने मान वर केली.

तिचा बाप येत होता. नेस्मिन. गाढवाच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्या इतक्या भरल्या होत्या की जनावराचे पाय फाकले होते. वाट अरुंद होते तिथे, भिंत आणि कालव्याचा उतार यांच्या मधोमध, त्याने गाढव थांबवलं आणि एक टोपली उलटी केली. वाळवंटातल्या ओढ्यातल्या गारगोट्या. मुठीत मावतील पण मूठ भरून उरतील अशा, एकूण एक धारेच्या. तिने सकाळपासून जे वेचलं होतं त्याच्या दुप्पट एका दमात वाटेवर आलं.

चीर देणाऱ्याशी लग्न केल्यापासून बाप तिच्याशी बोलला नव्हता. आजही त्याने तिच्या डोक्यावरून मांडवाकडे पाहिलं, जणू तिथे ती नव्हतीच, कुंपणाचा एखादा खांब होता. मग तो खाली बसला आणि दगड निवडू लागला. एक हातात घ्यायचा, तोलायचा, ठेवून द्यायचा. लहानपणी तिला आणि जेहोला जवाच्या शेतात पाखरं राखायला बसवायचा तेव्हा तो असाच दगड तोलून द्यायचा. दगड हातातून सुटत नाही, मनगटातून सुटतो, असं तेव्हा तो सांगायचा. जेहोचा नेम कधी लागला नाही. तामित उडता लावा पक्षी पाडायची.

ती मांडवामागे गेली. इनारो रांजणापाशी हात धूत होता.

"बाबा आलाय," ती म्हणाली.

"दिसला. सासरेबुवा रिकाम्या हाताने आले नाहीत म्हणायचे." त्याने हात झटकले. "टोपल्या कसल्या आहेत? कांदे?"

ती हसली नाही. तोही मग हसायचा थांबला.

पलीकडच्या काठावर दुसरा एक चीर देणारा होता. त्याला बोलवावं, हे तिने आदल्या दिवशीच सुचवलं होतं. त्यावर इनारोने एवढंच सांगितलं होतं की नदीला पूर आहे, नाव यायला वेळ लागेल, आणि जेहोच्या पोटाचा रंग बदलू लागला आहे. घरातून चोरून त्यांच्याकडे येणारा जेहो एकटाच होता. यायचा तेव्हा बापाच्या मळ्यातल्या कांद्यांची जुडी कंबरेला खोचून आणायचा आणि बाळाला पोटावर झोपवून स्वतःही घोरायचा. ते पोट.

"बाबा पहिलाच डोक्यात घालेल," तामित म्हणाली. "रक्त जमिनीला लागेपर्यंत तू जिवंत नसशील."

"मग आज जरा जोरात पळेन." त्याने झोळीत डोकावून बाळाच्या टाचेला बोट लावलं. "तुझ्या भाकऱ्यांनी जड झालोय, नाहीतर काळजी नव्हती."

"इनारो."

"जेहोला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ?" तो हळू आवाजात म्हणाला. "पलीकडचा नवखा आहे. दोनदा चिरतो."

आतून अंखापने हाक मारली. कारकुनाची शाईने कुशीवर रेघ ओढून झाली होती. इनारोने काळ्या दगडाची सुरी उचलली, ओल्या फडक्याने पुसली आणि आत गेला.

तामित वाटेवर परत आली. कामकरी नेहमीसारखे दोन्ही बाजूंना उभे होते, पण कुणी थट्टा करत नव्हतं. हातात खडे घेऊन सगळे नेस्मिनकडे पाहत होते. त्याने आपला दगड निवडला होता. लांबट, एका बाजूने कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. अंखाप मांडवाच्या दाराशी आला, नियमाप्रमाणे बाहेरच्या लोकांना विचारायला.

"मेलेल्याच्या रक्ताचं कोण आहे?"

"मी," नेस्मिन म्हणाला. "बाप."

"मग पहिला धोंडा तुझा."

"नाही," तामित म्हणाली. "माझा."

कामकऱ्यांच्या माना वळल्या. ती पुढे येऊन बापाच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या अंगाला जवाचा आणि न धुतलेल्या दुःखाचा वास येत होता. सुतकात दाढी वाढली होती आणि ती पांढरी होती, हे तिला माहीत नव्हतं.

"ही कोण?" नेस्मिनने अंखापला विचारलं.

"जेहोची बहीण," तामितच म्हणाली.

"मला मुलगी नाही."

"नसू दे. आईला होती." तिने अंखापकडे पाहिलं. "पहिला धोंडा आईचा. आई नसेल तर तिचं दूध प्यालेल्याचा. मग बापाचा. तुम्हीच सांगता ना दर वेळी?"

अंखापने डोकं खाजवलं. अशा प्रसंगी तो खाजवायचाच. टक्कल होतं, खाजवायला काही नव्हतं.

"दूध पुसता येत नाही, नेस्मिन," तो शेवटी म्हणाला. "तिचा पहिला. तुझा दुसरा."

"नवऱ्याला खडा मारील ही," नेस्मिन म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "वेचून ठेवलेत ना, बोरांसारखे? मार. मग मी आहेच."

तामितने खाली वाकून त्याच्या ढिगातला दगड उचलला. खड्याने रक्त येणार नव्हतं. तिने एक घेतला, ठेवला, दुसरा घेतला. हा चपटा होता, कडेला बारीक धार. तो तिने तळहातात फिरवला, बोटांना त्याची जागा सापडेपर्यंत. दंड, तिने ठरवलं होतं. उजव्या दंडाचा वरचा भाग, जिथे मांस आहे. कातडी फाटेल, रक्त कोपरावरून टपटप खाली येईल, आणि बापाचा हात वर जायच्या आत अंखाप थांबा म्हणेल. धावत्या माणसाचा दंड उडत्या लाव्यापेक्षा केवढा तरी मोठा.

पाठीवर बाळ एकदा कण्हलं आणि पुन्हा निजलं.

आतून काही ऐकू आलं नाही. चिरेला आवाज नसतो. मग सुरी फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि मांडवाचा पडदा उडाला.

इनारो पळत आला. डोकं खाली, कोपरं अंगाशी, नेहमीसारखा. कामकऱ्यांनी ओरडायला सुरुवात केली, तुझं नाव पुसलं जावो, तुला पाणी न मिळो, पण खडे कुणी फेकले नाहीत. पहिला धोंडा व्हायचा होता. तो जवळ आला. तिला दंड दिसला, दंडावरचा तिच्या ओळखीचा तीळसुद्धा दिसला. आणि त्याच्या खाली हात दिसला. बोटांपासून मनगटापर्यंत ओला, काळपट, चकाकणारा.

ते जेहोचं होतं.

तिचं मनगट फिरलं.

दगड इनारोच्या भुवईवर बसला. असा आवाज झाला की ओरडणारे एकदम गप्प झाले. त्याचं डोकं मागे फेकलं गेलं, पाय दोन पावलं तसेच पुढे आले आणि मग तो गुडघ्यांवर कोसळला. डोळा दिसेनासा झाला होता. हनुवटीवरून रक्त धारेने वाळूत पडू लागलं, आणि वाळू ते लगेच पिऊन टाकू लागली. झटक्याने जागं झालेलं बाळ तिच्या पाठीवर किंचाळत होतं.

"लागलं!" अंखाप ओरडला. "रक्त जमिनीला लागलं! हात खाली!"

खडे टपटप खाली पडले. नेस्मिनचा हात मात्र डोक्याच्या वर तसाच होता. दगडाची धार उन्हात चमकत होती. समोर गुडघ्यांवर बसलेला माणूस त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होता आणि उठू शकत नव्हता. अंखापने पुन्हा हात खाली म्हटलं, या वेळी हळू. नेस्मिन इनारोकडे पाहत नव्हता. तो मुलीकडे पाहत होता, तिच्या चेहऱ्याकडे. बराच वेळ. मग त्याने हात खाली घेतला आणि दगड गाढवाच्या रिकाम्या टोपलीत ठेवला, फळ ठेवावं तसा.

कामकऱ्यांनी इनारोला रांजणापाशी नेलं. तामितने बाळाला झोळीतून काढून शेजारी बसवलं आणि जखम धुतली. भुवईचं हाड पांढरं दिसत होतं. डोळा शाबूत आहे की नाही हे सूज उतरेपर्यंत कळणार नव्हतं. मांडवातलं पट्ट्यांचं कापड तिने दातांनी फाडलं आणि त्याच्या डोक्याभोवती गुंडाळू लागली.

"एकच चीर दिली," इनारो म्हणाला. जीभ जड झाली होती. "रेघेवर. तुला सांगायचं होतं."

तिने मान हलवली.

"शहाणी आहेस. दंडाला मारलं असतंस तर त्याने मानलं नसतं. खरचटलंय म्हणाला असता." तो हसू पाहत होता, पण अर्धा चेहरा हलत नव्हता. "मला कळलं ते. पडता पडताच कळलं."

तामितने पट्टीचा आणखी एक वेढा घेतला. गाठ मारताना तिची बोटं घसरली. तिने पुन्हा मारली.

सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं. नेस्मिन गाढवाची दोरी धरून उभा होता. त्याने इनारोच्या डोक्याच्या पट्टीकडे पाहिलं, मग रडून लाल झालेल्या बाळाकडे.

"जेहोला गुंडाळून झालं की घरी ये," तो तिला म्हणाला. "बाळालाही आण. तुझी खाट आहे अजून."

तामितने पट्टीचं उरलेलं टोक आत खोचलं.

"नेम चुकला नाही तुझा," बाप म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, शेताच्या बांधावर असायचा तसा.

"ती कधी चुकत नाही," इनारो म्हणाला, अभिमानाने, डोळा मिटून.

बाळ हात पसरून तिच्याकडे झेपावत होतं. तामितने उजवा हात पाण्यात बुडवला, तो तसाच रांजणात राहू दिला आणि बाळाला डाव्या हाताने उचलून घेतलं.