खर्च ज्याचा त्याचा

मी निवेदिताची नथ बोलतेय. तिच्या नाकावरून नव्हे, झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या एका सराफाच्या ड्रॉवरमधून.

ग्वाल्हेरच्या एका मराठी सोनाराने मला घडवलं ते निवेदिताच्या आईच्या, कमलताईंच्या लग्नासाठी. झाशीतल्याच नगरा वस्तीतल्या त्यांच्या घरी मी एरवी डबीत पडून असे. गौरी आल्या की मात्र माझा थाट बघावा! कमलताई गेल्या आणि मी लेकीच्या नाकावर आले. हळदीकुंकवाला हसता हसता निवेदिता मला बोटाने सावरायची. ते बोट मला अजून हवंहवंसं वाटतं.

पुढे मुकुलशी तिचा संसार मोडला, खटला उभा राहिला. वकिलाची फी द्यायला तिने मला इथे गहाण ठेवलं. "कोर्टाचा खर्च मिळाला की लगेच नेते हं तुला," म्हणाली. माणसं सहज बोलून जातात, आम्ही धरून बसतो.

वकिलांनी तिला नीट समजावलं होतं. घटस्फोट झाल्यावर खर्च कुणी द्यायचा हे ठरवताना कोर्ट दोघांची ऐपत बघतं, आणि खटला कुणी मुद्दाम लांबवला तेही. पगार दोघांचे सारखेच. तेव्हा मुकुलने तारखा मुद्दाम बुडवल्या, एवढंच तिने म्हणायचं होतं.

काल ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. मला वाटलं, सुटले! पण देविका फणफणत होती.

"ताई, जजसाहेबांनी विचारलं तेव्हा हो म्हणून टाकायचं ना! आईची नथ वापस आली असती."

"कसं म्हणू गं? त्याचे वडील अस्पतालमध्ये होते तेव्हा. मीच तर त्यांना डबा न्यायचे."

तेच तिने कोर्टात सांगितलं होतं. निकाल लागला, खर्च ज्याचा त्याने सोसावा.

सुभाषचंद्रजी सराफांनी हळूच विचारलं, "बिटिया, छुड़ाओगी?"

"नहीं चाचाजी. बेच दीजिए."

"इधर की दुल्हनें ये मराठी नथ कहाँ पहनती हैं! गलानी पड़ेगी."

मला नाकात घालून तिने आरशात पाहिलं, डोळे पुसले आणि मला काढून काउंटरवर ठेवलं.

ती खरं बोलली, याचा मला अभिमान वाटायला हवा. वाटतोही. पण उद्या मी भट्टीत जाईन, त्याआधी तुम्हाला म्हणून सांगते, तिला कळू देऊ नका. मला विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, खोटं बोल बाई, पण मला घरी ने.