वायर सुटली असेल

मित्रांनो, ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यातला जुना मॉनिटर तो मीच. माणसाच्या हृदयाची रेघ काढायची आणि ठोक्यागणिक 'टिंग' करायचे, एवढेच माझे काम. नवा होतो तेव्हा सगळे कौतुकाने बघत. आता माझी एक कडा चिकटपट्टीने बांधली आहे. मला त्याचे सुखही नाही, दुःखही नाही.

माझ्या वायरी पेशंटच्या छातीवरून वरचेवर सुटतात. मग रेघ सपाट होते आणि मी बोंब ठोकतो. कोणीतरी न बघताच माझा आवाज बंद करते. रोज मरे त्याला कोण रडे!

एकदा एक बसचालक काका आले. नाकाच्या पार मागे, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे त्यांना गाठ झाली होती. ती डोळ्यांच्या नसा दाबत होती, म्हणून त्यांना बाजूचे दिसेनासे झाले होते. गाठ नाकातूनच काढायची होती.

"मॅडम, नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढंच ऐकलं होतं," काका भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना म्हणाले. "तुम्ही तर नाकातून थेट डोक्यात निघालात!"

बाई हसल्या. काका झोपले.

सर्जननी गाठ कडेने ओढली आणि माझे टिंग उशिरा उशिरा येऊ लागले. मग रेघ सपाट. मी ओरडू लागलो.

"बंद करा हो ते. वायर सुटली असेल," सर्जन मान वर न करता म्हणाले. नर्सचे बोट माझ्या बटणावर आले.

बाईंनी चादरीखालून काकांच्या मानेवर बोटे ठेवली. "वायर नाही, सर. नाडीच नाही. ओढू नका!"

सर्जननी गाठ सोडली. एका माणसाचा जीव चालला होता आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हते. मी रेघ काढत होतो.

मग एक टिंग. बऱ्याच वेळाने दुसरे.

तिथली नस ओढली गेली की कधीकधी हृदयाला थांबायचा हुकूम जातो. ओढ सुटली की बहुधा ते परत चालते. बाईंनी औषध दिले आणि काम जपून पुढे सुरू झाले. डोळ्यांच्या नसांवरचा दाब गेला. कडेचा एक तुकडा मात्र सर्जननी तसाच ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "जिवाशी खेळ नको."

मित्रांनो, सारखे ओरडणाऱ्याचा कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. खुशाल शिव्या घाला. पण त्याचे तोंड बंद करण्याआधी एकदा माणसाकडे बघा.

काका जागे झाले. नाकात बोळे होते. "झोप मस्त लागली, मॅडम," ते गेंगाण्या आवाजात म्हणाले. "मध्ये काही त्रास नाही ना दिला?"

"नाही हो, काका."

मी शहाण्यासारखा टिंग टिंग करत होतो. तरीही बाईंची बोटे काकांच्या मानेवरून निघत नव्हती.