ड्वाइटचा थर्मास

बर्नडेटने बटणावरून अंगठा उचलला, तरी वर क्रेनचा आकडा लगेच थांबला नाही. केसभर खाली उतरला, मग थांबला. त्याला साखळ्यांनी लटकलेला सोळा हजार पौंडांचा पोलादी साचा जमिनीपासून फूटभर उंचीवर हळूच डुलत राहिला.

"पुन्हा सरकला," ती म्हणाली.

"ब्रेक दाबल्यावर तुझी गाडीही थोडी पुढे जातेच की, बर्नी." फोरमन ड्वाइटने बगलेतला थर्मास सावरला. "ही क्रेन आली तेव्हा डोनट कुणी वाटले होते गं?"

तिनेच वाटले होते. क्रेन येण्याआधी एक साचा बदलायला सहा माणसं आणि अख्खी पाळी जायची, शिवाय महिन्याला एकाची तरी कंबर. आता दोन माणसं, चाळीस मिनिटं. आज तर बाहेर ट्रक ताटकळत होता.

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपाशी गुडघ्यांवर बसून लॉनी साच्याची बैठक पुसत होता. साचा बैठकीच्या वर आला, की खुंट्या जुळवायला त्याला दोन्ही हात साच्याखाली घालावे लागत. तसं करायचं नसतं हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि रोज तसंच चालायचं.

"आण गं बर्नी," लॉनी ओरडला. "हात गेले तर गेले! बायको भांडी तरी घासायला लावणार नाही."

हसला तो एकटाच. बर्नडेटने क्रेनचा रिमोट पोटाशी घट्ट धरला.

"ड्वाइट, तुझा थर्मास दे."

"कॉफी संपली."

"प्यायला नकोय. साच्याखाली उभा कर. बरोबर मावेल. दहा मिनिटं मी बटणाला हात लावत नाही. त्याला काही झालं नाही, तर पाळी संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"बर्नी गप्प? ठेव रे ड्वाइट, ठेव!" लॉनी म्हणाला.

ड्वाइट हसतच वाकला. थर्मास हिरवा होता, पोचे पडलेला. त्याच्या बायकोने, मार्गीने दिलेला; मार्गी जाऊनही चार वर्षं झाली होती. त्याने तो साच्याखाली सरकवला. साच्याची सावली त्याच्या मनगटापर्यंत आली.

हात तिथेच राहिला. थर्मास काही त्याच्या मुठीतून सुटेना.

मग त्याने तो अलगद बाहेर ओढला आणि पुसण्याजोगं काही नसताना बाहीने पुसला.

लॉनीच्या हातातलं फडकं थांबलं. तो उठला, प्रेसपासून दोन पावलं मागे सरला आणि दोन्ही हात त्याने काखांत दाबून धरले.

ड्वाइटने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. खण उघडून त्याने 'वापरू नये' लिहिलेली लाल पाटी काढली.

"खाली टेकव, बर्नी. सावकाश. ट्रकवाल्याला मी सांगतो."

तिने साचा जमिनीला टेकवला आणि अंगठा उचलला.

तिघंही वर आकड्याकडे बघत होते. साखळ्या आणखी केसभर सैल झाल्या.