फायनलच्या दुपारी आईची हाक

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही आणि शाळेची पायरी ती कधी चढली नाही. तिची भाषा म्हणजे आमच्याच घरात तयार झालेल्या हातांच्या खुणा. बाहेरून कोणी खुणांची भाषा शिकलेला माणूस आणून बसवला, तरी त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आम्हा प्रत्येकाला तिच्या हातात एक नाव आहे. धाकटा भाऊ म्हणजे पुढच्या दातावर टिचकी, कारण दात पडला तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. आमचे हे म्हणजे हवेत फिरवलेला स्क्रू ड्रायव्हर. आणि मी म्हणजे उजव्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांवरून सरकवत घातलेली वेणी. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. आता मानेपर्यंत आहेत, पण नाव तेच राहिलं.

आईची नेमकी तीच तीन बोटं कापायची, असं त्या दुपारी डॉक्टरांनी ठरवलं.

आई भावाकडे होती, दुसऱ्या शहरात. निघालं तरी पोचायला रात्र होणार. सुई टोचल्याचं निमित्त झालं, त्यात तिला साखर, आणि काळेपणा बोटांवरून वर चढायला लागला. संध्याकाळपर्यंत थांबलो तर पंजा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. भावानं कागदावर सही केली आणि मला फोन केला.

"ताई, तिला तू सांग. मला नाही जमणार."

त्याला खरंच जमणार नव्हतं. तो लहानपणीच वसतिगृहात गेला. आईशी बोलायला त्याच्याकडे जेव, झोप, ये, जा एवढंच भांडवल. बाकीचं सगळं माझ्यामार्फत चालायचं, घरची दुभाषी मी. आणि बोटं म्हणजे माझ्या आईची जीभ आहे. भूल उतरल्यावर तिनं हात वर करावा आणि जीभ कापलेली दिसावी, तेही आधी कोणी काही सांगितल्याशिवाय? जनावराशीही कोणी असं वागत नाही. डॉक्टर माणूस बरा होता. ऑपरेशन थिएटर तयार होईपर्यंत थांबतो म्हणाला.

मी शिवणकाम करते. मोबाइल मशीनवर रिळांना टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. तिकडे भावानं त्याचा मोबाइल आईच्या पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवला होता. आई दिसली. उजव्या हाताला सैल पट्टी. मला बघून हसली आणि डाव्या हातानं विचारलं, जेवलीस का. मी हात वर करून डॉक्टरची खूण केली, मनगटावर दोन बोटं. तिचं हसू थांबलं. तेवढ्यात तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, चित्र अडकलं आणि त्यावर एक चक्र फिरायला लागलं.

त्या दुपारी फायनल होती. सगळं गाव मोबाइलवर, टीव्हीवर, जिथे मिळेल तिथे मॅच बघत होतं.

भावानं नर्सबाईंचा फोन मागून घेतला आणि आमच्या घरातल्या जुन्या फोनवर लावला. आवाज लख्ख. आवाजाला जागा लागते कितीशी! अख्खं नेट खातं ते चित्र, आणि माझ्या आईला आवाजाचा काडीचा उपयोग नाही. मी गल्लीतल्या नेटवाल्याला म्हटलं, काहीतरी कर बाबा. तो म्हणाला, "वहिनी, पाइप एकच आहे आणि सगळे एकदम नळ सोडून बसलेत. मॅच संपेपर्यंत माझ्या हातात काही नाही." एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात. या पठ्ठ्यानं एक तीळ अख्ख्या गल्लीला विकला होता. मोबाइलचं नेट लावून पाहिलं, तिथेही तीच रड.

मग मी तशीच अनवाणी जिन्याकडे धावले. ह्यांना सांगितलं, वरचे मजले तुम्ही बघा, खालचे मी बघते. आमचे हे मिक्सर दुरुस्त करतात आणि त्या दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतात. माणूस सोन्यासारखा. पण कॅमेऱ्यासमोर केली नाही तर गोष्ट झालीच नाही, असं त्यांना मनापासून वाटतं.

मी आयुष्यात कोणाच्या दारात वाटीभर साखरेसाठी गेले नव्हते. त्या दिवशी हात जोडून उभी राहिले. खालच्या घरात निवृत्त पोस्टमास्तर मॅच बघत होते, त्यांच्या बायकोची मालिका मोबाइलवर, आणि नातीचं कार्टून तिसरीकडे. एका खोलीत तीन चित्रं, आणि एकाकडेही धड कोणाचं लक्ष नव्हतं. पोस्टमास्तर म्हणाले, एवढं संपू दे. मी म्हटलं, तोवर बोटं संपतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रिमोट दाबला. खोटं कशाला सांगू, लोक वाईट नव्हते. शेजारच्या दोन्ही घरांनीही बंद केलं. एका बाईंनी तर स्वतःच्या मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

धापा टाकत वर आले. चित्र जागचं हललं नव्हतं. फोन उचलला.

"ताई, तू काही सांगितलंस का? आईला तुझा हात अर्धा वर उचललेला दिसतोय. केव्हाचा तसाच आहे. ती मला सारखी विचारतेय."

पुन्हा खाली. आता मला राग आवरेना. पोस्टमास्तरांच्या बायकोच्या हातात मोबाइल होताच. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "अहो, आम्ही मॅच कधीच बंद केली. तुमच्या मिस्टरांचंच बघतोय. किती कळकळीनं बोलतायत."

मी वाकून पाहिलं. हे गच्चीवर उभे होते, मागे पाण्याची टाकी. डोळे पुसत लोकांना विनवत होते की कृपा करून कोणी व्हिडिओ बघू नका, माझ्या सासूबाईंचा प्रश्न आहे. लाइव्ह. आमच्याच घरच्या नेटवरून. माझं चित्र ज्या वाटेनं आईकडे जायचं, त्याच वाटेनं ह्यांचं तोंड गल्लीभर चाललं होतं आणि गल्ली पाणावल्या डोळ्यांनी ते बघत होती. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय.

गच्चीपर्यंत कशी पोचले मला आठवत नाही. मला बघून ह्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, अगं, लोक पुढे पाठवतायत, गल्लीबाहेरचेही बघायला लागलेत. मी मोबाइल हातातून ओढून घेतला आणि बंद केला. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते टाकीला टेकून खाली बसले. एकेक दार वाजवण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगता येईल असं वाटलं होतं, एवढंच पुटपुटले. भांडायला वेळ नव्हता.

आमच्या बाजूची वाट मोकळी झाली, पण चक्र फिरतच राहिलं. आता तिकडे अडलं होतं. हॉस्पिटलच्या नेटवर बाहेर बसलेले सगळे नातेवाईक मॅच बघत होते. भाऊ त्यांच्यापुढे जाऊन ओरडूनही आला होता. आणि स्ट्रेचर घेऊन माणसं दारात उभी होती.

"थिएटर तयार आहे, ताई. डॉक्टर आता थांबत नाहीत."

"मग तू माझे हात हो," मी म्हटलं. "फोन मान आणि खांद्यात धर. तिच्यासमोर बस, उजेडाकडे तोंड कर. मनगटावर दोन बोटं ठेव."

"ठेवली."

"आता उजव्या हाताची मधली तीन बोटं वर कर. दुसऱ्या हाताची कड त्यांच्या मुळाशी लाव आणि ओढ."

"ताई, नको."

"ओढ."

इकडे रिकाम्या खोलीत, अडकलेल्या चित्रासमोर, फोन मानेत धरून मीही माझी बोटं कापत होते. मग गालाखाली हात ठेवायला सांगितलं, म्हणजे झोप. मग डोळे उघडायला. मग अंगठा आणि करंगळी हलवून दाखवायला, म्हणजे एवढं राहणार आहे. शेवटी माझी वेणी घाल म्हटलं आणि दोन बोटं तिच्या दिशेनं चालव, म्हणजे मी येतेय.

"कळलं का तिला?"

"कळलं. रडत नाहीये. ती पट्टी सोडतेय."

"सोडू देऊ नकोस."

"ऐकत नाहीये. दुखतंय तिला, तरी सोडतेय." मग त्याचा आवाज फुटला. "ती तुला हाक मारतेय, ताई. त्याच बोटांनी वेणी घालतेय. मोबाइलवर तुझं अडकलेलं चित्र आहे ना, त्याच्याकडे बघून. पुन्हा पुन्हा."

मी ओ दिली. तोंडानं, वेड्यासारखी. आईच्या हाकेला ओ म्हणजे तिच्या खांद्यावर दोन थापा, हे लहानपणापासून ठरलेलं. मी भावाला म्हटलं, थाप मार, दोनदा, लवकर.

"मारल्या. माझ्याकडे बघितलं तिनं. परत तुलाच हाक मारतेय. हात तुझा नाही, हे कळतं गं तिला."

मग चाकांचा आवाज आला, आणि भाऊ स्ट्रेचरमागे धावला असावा, कारण नर्सबाईंचा फोन बंद झाला.

थोड्या वेळानं खाली गल्लीत आरडाओरडा झाला. फायनल संपली होती. चक्र नाहीसं झालं आणि चित्र आलं, इतकं स्वच्छ की रिकाम्या पलंगावर पडलेल्या पट्टीचे धागेसुद्धा दिसत होते. हे दारात येऊन उभे राहिले. मी मशीनसमोर उभी राहिले आणि दोन्ही हातांनी आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिकडे कोणी नव्हतं.