उलटं करून बघा

भरतकामवाल्या काकूंचं तोंड तिखट, पण हात सोन्याचा. गिऱ्हाइकाच्या हातात काम ठेवताना त्या एवढंच म्हणत, "उलटं करून बघा." पुढून काय, कुणीही सुंदर भरेल; मागून गुंता दिसला तर काकूंच्या लेखी ते कामच नव्हे. मात्र हे वाक्य त्या फक्त स्वतः आखलेल्या कामाबद्दल म्हणत. लेकीने केलेलं काम मुकाट्याने पिशवीत भरून देत, आणि लेकीला त्यातून जे कळायचं ते कळत असे.

सोमवारी लेकीने दुकानाच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली. त्याआधी, भरतकामाचं मशीन ज्यांवरून टाके घालायचं त्या सगळ्या डिझाइनांचा बॅकअप घेऊन तो काकूंना कौतुकाने दाखवलाही होता. नवी सिस्टिम सुरू झाल्यावर तिने पेन ड्राइव्ह उघडला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने उतरवून घेतले होते ते नुसते शॉर्टकट. खरी डिझाइनं जुन्या सिस्टिमबरोबर पुसली गेली होती. चाव्यांचा जुडगा जपून ठेवावा आणि घर पाडून टाकावं, तशातली गत. दुरुस्तीवाल्याने पुष्कळ खटपट केली आणि शेवटी हात टेकले.

शाळांचे बिल्ले, नर्सबाईंचे कोट, बँडवाल्यांचे डगले, सगळ्यांची डिझाइनं गेली. त्यातले एका शाळेचे बिल्ले तर शनिवारी द्यायचे होते.

"कुणापाशी बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "मशीन बिघडलंय म्हणून ठोकून देऊ. अब्रू जाईल."

"चूक माझी आहे आई, मीच सांगणार. हे निस्तरते आणि मग कुठेतरी नोकरी बघते. तुझ्या धंद्याची माती केली मी."

नोकरीचं नाव ऐकताच काकूंचं डिझाइनांचं दुःख एका बाजूला राहिलं. हे दुकान लेकीनेच पुढे चालवावं, एवढी एकच इच्छा त्यांनी आजवर मनात धरली होती, आणि ती चुकूनही बोलून दाखवली नव्हती.

लेकीने एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. "माझ्या चुकीने तुमचं डिझाइन गेलं. जुना कपडा असला तर आणून द्याल का?" दर फोनला आत काकू अंग चोरत होत्या. पण लोक आले. नर्सबाई विटलेला कोट घेऊन आल्या. बँडमास्तर जुना डगला देऊन म्हणाले, "ठेवूनच घ्या. डगला तोच आहे, पोट बदललं." त्या शाळेतूनही पक्ष्याचा बिल्ला भरलेला एक स्वेटर आला.

पुढून दोरे घासून पुसट झाले होते. कोणता टाका आधी, कोणता नंतर, काही उमगेना. वैतागून लेकीने स्वेटर उलटा केला आणि बघतच राहिली. मागे एकही गुंता नव्हता. दोरा कुठून निघाला, कुठे वळला, कुठे संपला, सगळं शाबूत होतं.

"आई, इकडे ये! सगळं इथे आहे!"

मग दोघी भिंगाखाली डोकी घालून बसल्या. काकू बोटाने वाट दाखवत आणि लेक कॉम्प्युटरवर टाके घालत जाई. भांडणंही झाली.

"आधी पंख!"

"नाही, आधी चोच. दोरा बघ ना नीट."

काकूंनी चष्मा सावरून पाहिलं. चोचच आधी होती. त्या मनातून भलत्याच सुखावल्या. दुधाने तोंड पोळलेली लेक आता ताकही फुंकून पीत होती. झालेलं प्रत्येक डिझाइन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय पुढचं हाती घेत नव्हती.

शनिवारी मुख्याध्यापिका आल्या. लेक आत मशीनवर बसली होती. काकूंनी गठ्ठ्यातला एक बिल्ला उचलून उलटा केला आणि खोट शोधली. शोधली तीही अगदी मनापासून. सापडली नाही.

त्यांनी बिल्ला पुढे केला. "उलटं करून बघा," त्या म्हणाल्या, आणि मग आतपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने, "माझ्या लेकीचं काम आहे."

आतलं मशीन थांबलं. थोड्या वेळाने डोळे पुसत लेक बाहेर आली, आईकडे न बघता तिने टेबलावरचं पेन उचललं.

"बाई, पुढचे बिल्ले कधी लागतील तुम्हाला?"